पहिलं पान विरोधकाचं

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी साडेदहाला प्रा. चुडामण देवरे जळगावच्या बसस्टँडवर, धुळ्याच्या गाड्या लागतात तिथे, उभे असत. त्यांना कुठे जायचं नसे. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन नाशकात, घरी ते आणि बायको सुलक्षणा, एवढाच संसार. तरी इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि एखाद्या मंत्र्याला उतरवून घ्यायला आल्यासारखा थाट. मग प्रेमराज उतरायचा. हा कोर्टातला कारकून, रोज धुळे-जळगाव करणारा. त्याच्या पिशवीत तपकिरी पाकीट असायचं आणि पाकिटात 'वखर'चा ताजा अंक. छापखान्यातून निघालेली पहिली प्रत. ती सरांच्या हाती पडली की मगच बाकीचे गठ्ठे पोस्टात जात.

आता तुम्ही म्हणाल, सर 'वखर'चे मोठे आधारस्तंभ असतील, निदान संपादकाचे जिवलग तरी. छे हो. सर 'वखर'चे वैरी होते, आणि वैरी म्हणूनच त्यांचा हा मान होता.

'वखर' हे धुळ्याचं मासिक. डावं, आणि ते लपवायची त्याला कधी गरज वाटली नाही. कापसाच्या जिनिंगमधले मजूर, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, सातपुड्यातल्या पाड्यांची जमीन, धरणात गेलेली गावं, असा त्याचा मजकूर. कागद जाडाभरडा, फोटो काळपट, माणसांचे चेहरे ओळखू यायची मारामार. पन्नास वर्षांत शिव्या देणाऱ्यांचा तुटवडा मात्र त्याला कधी पडला नाही. बाजारपेठेतले शेठ म्हणत, हे आमचा धंदा बुडवायला निघालेत. देवळाच्या ओट्यावरचे म्हणत, ही लाल चोपडी घरात आणू नका. पक्षातले म्हणत, हे पक्षाचं ऐकत नाहीत, आणि पक्ष सोडून गेलेले म्हणत, हे पक्षाचंच ऐकतात. संपादक रुपचंद भदाणे, म्हणजे सगळ्यांचे रुपचंदभाऊ, हे सारं ऐकून घेत आणि मिशीतल्या मिशीत हसत.

१९९० साली या माणसानं एक अजब पायंडा पाडला. मुखपृष्ठ उलटलं की पहिलं पान विरोधकाचं. 'वखर'वर त्या महिन्यात जो सगळ्यांत खोल घाव घालील, त्याचा मजकूर तिथे जसाच्या तसा छापायचा. संपादकानं त्याला उत्तर द्यायचं नाही. त्या अंकात नाही, पुढच्या अंकात नाही, कधीच नाही. आणि ज्याचं पान, पहिली प्रत त्याच्या हाती. शेतात वखर चालू असताना बांधावर उभं राहून नावं ठेवणारा एक तरी असतोच, म्हणून त्या पानाचं नाव 'बांधावरून'.

चौतीस वर्षं तो बांध चुडामण सरांचा होता. अधूनमधून एखादा महिना दुसऱ्या कोणाला मिळाला असेल, पण ते सुट्टीवर गेलेल्या मास्तरच्या जागी शिपायानं वर्ग सांभाळावा तसं. सर स्वतः १९८८पर्यंत 'वखर'चे उपसंपादक होते. मग भांडून बाहेर पडले. कारण विचारलं की सांगत, वैचारिक मतभेद. रुपचंद सहकारातल्या पुढाऱ्यांना शरण गेला, मी गेलो नाही, संपलं. हे ते इतक्यांदा आणि इतक्या ठामपणे सांगत, की ऐकणारा विषय बदलायची वाट बघत बसे. रुपचंदभाऊ यावर कधी अवाक्षर बोलले नाहीत. त्यांचा नियमच होता ना तसा.

खरं सांगायचं तर सरांच्या टीकेत आता फारसा दम उरला नव्हता. 'वखर' बोथट झाला, हेच ते दर महिन्याला वेगळ्या शब्दांत लिहीत. पण माणसाला कुठेतरी आपण कोणीतरी आहोत असं वाटावं लागतं. कॉलेजात त्यांच्या जागी आलेली पोरं त्यांना ओळखत नव्हती. जावई फोनवर दोन मिनिटांत आटपायचा. राहता राहिलं हे पान. त्या पानावर नाव आलं की महिनाभर सरांची मान ताठ. आणि येत्या ऑक्टोबरात 'वखर'चा पन्नास वर्षांचा विशेषांक निघणार होता, धुळ्यात मोठा कार्यक्रम होणार होता. त्या अंकाचं पहिलं पान म्हणजे सरांच्या आयुष्याची कमाई. मथळासुद्धा त्यांनी मार्चमध्येच काढून ठेवला होता, 'पन्नाशीचा म्हातारा'.

आणि ऑगस्टच्या एक तारखेला प्रेमराज रिकाम्या हातानं उतरला.

त्यानं आधी सरांना न बघितल्यासारखं केलं. सरांनी गाठल्यावर चपलेचा पट्टा नीट करायला वाकला. शेवटी म्हणाला, या महिन्याचं पाकीट चाळीसगावला गेलं. सरांना वाटलं, चुकून गेलं. प्रेमराज म्हणाला, चुकून नाही सर, तिथल्या कोणी मयुरी बडगुजर म्हणून बाई आहेत, कॉलेजात शिकवतात. सर म्हणाले, असं का, छान छान. 

अंक चार दिवसांनी पोस्टानं आला, साध्या वर्गणीदाराला येतो तसा, कोपरा दुमडलेला. सरांनी उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं. बाईचं वय तिशीचं असेल, पण लिहिलं होतं असं की वाचणाऱ्याला जागा सोडता येऊ नये. तिनं पन्नास वर्षांचे अंक धुंडाळले होते. कष्टकऱ्यांचं मासिक म्हणवता, तिचं म्हणणं होतं, मग निम्मे कष्ट ज्या करतात त्या बायकांची नावं लेखकांत का नाहीत? बायकांवर लेख आहेत, बायकांचे फोटो आहेत, बाईच्या नावाचा लेख शोधून सापडत नाही. एवढ्यावर थांबती तर सरांनी सोसलं असतं. शेवटच्या परिच्छेदात तिनं लिहिलं होतं: '"वखर"नं स्वतःला विरोधकही स्वतःसारखाच निवडला आहे. एकच, तोही पुरुष, आणि चौतीस वर्षं तोच.'

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. सुलक्षणाबाई स्वयंपाकघरात वांगी भाजत होत्या, भरताला. सरांनी अंक त्यांच्यापुढे आपटला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, सावकाश वाचलं, आणि शेवटच्या ओळीला फिसकन हसल्या.

"हसायला काय झालं?" सर म्हणाले.

त्या म्हणाल्या, काही नाही, पोरगी गुणाची दिसते. आणि वांगं उलटवलं.

त्या दिवसापासून सरांना मयुरी बडगुजर लागली. लागली म्हणजे कशी, तर दाढी करताना लागायची, पेपर वाचताना लागायची, जेवताना घासाआड यायची. तिनं वापरलेला एखादा शब्द आठवला की सर मनात म्हणत, हे मला का नाही सुचलं. मग लगेच म्हणत, फालतू आहे. वरवरचं आहे. वर्गाचं विश्लेषण कुठे आहे यात? चौदा पानं लिहून त्यांनी धुळ्याला धाडली. सप्टेंबरचा अंक आला. पहिल्या पानावर पुन्हा मयुरी बडगुजर. सरांची चौदा पानं आत, वाचकांच्या पत्रात, साभार आणि संक्षिप्त. संक्षिप्त! ज्या माणसाची काना-मात्रा कधी कापली गेली नाही, त्याची चौदा पानं अकरा ओळींत बसवली होती.

छत्तीस वर्षांत सर 'वखर'च्या कचेरीत पाऊल ठेवायला गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले. धुळ्यात गल्ली नंबर पाच तीच, जिना तोच, फक्त गुडघे बदललेले. वर रुपचंदभाऊ मुद्रितं तपासत बसले होते, पंचाहत्तरीचे, भिंगातून. आणि त्यांच्या समोर, जिथे एकेकाळी सर बसत त्या खुर्चीवर, जुन्या अंकांचे बांधीव खंड मांडून एक बाई बसली होती. ओळख करून द्यायची गरज नव्हती. सरांनी खुर्चीवरूनच ओळखलं.

तिनं उठून नमस्कार केला, खुर्ची दिली. सरांना ते जास्तच लागलं. त्यांना भांडायचं होतं आणि पोरगी भांडायला जागा देत नव्हती. रुपचंदभाऊंनी चहा मागवला, गुडघ्यांची चौकशी केली. शेवटी सरांनीच विषय काढला. पान त्यांचं होतं, ते काढून घेताना निदान कळवायला हवं होतं, अशा अर्थाचं काहीतरी बोलले. 

"चुडामण, पान कोणाच्या नावावर लावलेलं नाही," रुपचंदभाऊ शांतपणे म्हणाले. "ज्याचा घाव खोल, त्याचं पान. विशेषांकालाही हाच नियम. तू घाल ना घाव. मी मोजायला बसलोच आहे."

सर काही बोलणार, तेवढ्यात मयुरीनं मधला एक खंड उघडला. १९८६. म्हणाली, सर, सगळ्या पन्नास वर्षांत मला एकच लेख असा सापडला की ज्यात बायका स्वतः बोलतात, आणि तो तुमचा आहे. 'नाकातोंडात रुई'.

हा लेख म्हणजे सरांची कीर्ती. जळगावच्या जिनिंगमधल्या बायकांवरचा, चोवीस पानांचा. त्यावर मोर्चे निघाले होते, अधिकाऱ्यांना येऊन पाहणी करावी लागली होती. पुढे कुठेही भाषणाला गेले तरी सरांची ओळख याच लेखानं करून दिली जाई. मयुरीनं तो तीनदा वाचला होता. तिला त्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. जिनिंगमध्ये बायकांना आडोसा नव्हता, म्हणून त्या सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसत. पाळीच्या दिवसांत तर कापूसच कसा कामी येई, तेही त्यात होतं.

"हे त्या बायांनी तुम्हाला सांगितलं, सर?" तिनं विचारलं. "म्हणजे, तीस वर्षांच्या परक्या पुरुषाला?"

सर म्हणाले, विश्वास संपादन करावा लागतो. रुपचंदभाऊंनी भिंग उचललं आणि मान खाली घालून मुद्रितं तपासू लागले. ते त्या वेळी एक ओळसुद्धा तपासत नव्हते, हे सरांनाही दिसलं.

परतीच्या गाडीत पारोळा आलं तरी सरांना खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. खरी गोष्ट काय होती ते गाडीतल्या त्या एकाच माणसाला ठाऊक होतं. सर त्या काळी जिनिंगच्या फाटकापाशी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा बायका पदर तोंडाशी धरून निघून गेल्या होत्या. सर शुद्ध मराठीत विचारत, त्या गप्प बसत. मग सुलक्षणाबाई जायला लागल्या. चोवीस वर्षांची नवी नवरी, शिंदखेड्याकडची, तोंडात अहिराणी. त्या बायकांच्या शेजारी बसून सरकी निवडू लागल्या. तीन महिने रोज गेल्या. आल्यावर वहीत लिहून काढत. तीन वह्या भरल्या. सरांनी वर दीड पान प्रस्तावना आणि खाली दीड पान निष्कर्ष जोडले, आणि वर नाव घातलं, चुडामण देवरे. नवरा-बायकोत कसलं आलंय नाव, असं त्यांना तेव्हा अगदी मनापासून वाटलं होतं.

१९८८ साली लेखाची पुस्तिका काढायची ठरली, तेव्हा रुपचंदभाऊ म्हणाले, सुलक्षणावहिनींचं नाव घालू. हस्तलिखितात त्यांचं अक्षर आहे, आणि वाक्यंही त्यांचीच आहेत, तुझी वाक्यं मला ठाऊक आहेत. झालं. सरांच्या डोक्यात जाळ झाला. याला माझ्या बायकोचं अक्षर ओळखू येतं? याला माझ्या बायकोची वाक्यं आवडतात? आज अडुसष्टाव्या वर्षी हसू येईल, पण तेव्हा सर आठवडाभर बायकोशी बोलले नव्हते आणि का ते सांगितलंही नव्हतं. पुस्तिका निघाली नाही. सरांनी राजीनामा लिहिला. सहकार, पुढारी, वैचारिक मतभेद, हे सगळं नंतर चढवलेलं.

एरंडोल गेलं आणि सरांच्या मनात आलं ते ऐका. माणूस अशा वेळी शरमेनं मान खाली घालील. सर ताठ बसले. घाव हवाय ना खोल? मग याहून खोल कुठला? बायकांचा कैवारी 'वखर' एका बाईचा लेख नवऱ्याच्या नावानं छापतो, संपादकाला सत्य ठाऊक असतं, आणि तो छत्तीस वर्षं तोंडातून ब्र काढत नाही. मयुरी बडगुजर नुसतं 'नावं नाहीत' म्हणते. इथे तर चोरीला गेलेलं नाव होतं, पुराव्यासकट. तिच्या पुढच्या दहा लेखांनाही हे जमणार नव्हतं. आता यात चोर कोण, हा प्रश्न सरांना पडला नाही असं नाही. पडला. पण पहिल्या पानापुढे त्यांनी तो बाजूला सारला. हेव्यानं माणूस आंधळा होतो म्हणतात, सर तर डोळे उघडे ठेवून निघाले होते.

दोन दिवसांत लेख तयार झाला. बऱ्याच वर्षांनी हात सरसर चालला. 'वखर'वर आणि रुपचंदवर चार पानं, स्वतःवर एक वाक्य: 'या अपराधात प्रस्तुत लेखकही सहभागी होता.' सहभागी!

सरांची पद्धत अशी, की धाडण्याआधी प्रत्येक लेख ते सुलक्षणाबाईंना वाचून दाखवत. त्या ऐकत, कुठे अडलं तर सांगत, सर दुरुस्त करत. चाळीस वर्षांची सवय. त्या सवयीनंच त्यांनी हाही वाचायला घेतला, आणि दुसऱ्या पानावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कोणापुढे काय वाचतोय.  पण थांबणार कसं? सुलक्षणाबाई चटणीसाठी खुरासणी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत, नुसते हळू झाले. सरांनी शेवटपर्यंत वाचलं.

 मग त्यांनी कागद मागून घेतले, उलटून मथळा बघितला, मथळ्याखालचं नाव बघितलं. राग आला किंवा फार प्रेम आलं, की त्यांना अहिराणी येत असे.

"हाई बी तुमनाच नाववर?" त्या म्हणाल्या.

सर म्हणाले, म्हणजे काय, लेख माझा आहे, कबुली माझी आहे. त्या म्हणाल्या, कबुली कुठे आहे यात, मला तर रुपचंदभाऊंची फिर्याद दिसते. आणि मग त्यांनी सांगितलं ते सरांना माहीत नव्हतं. तुम्ही राजीनामा दिला त्याच आठवड्यात भाऊ घरी आले होते. तुम्ही कॉलेजात होता. विचारलं, वहिनी, तुमच्या नावानं छापू का, चुडामणला काय वाटायचं ते वाटो. मी नको म्हटलं. पोरगी दीड वर्षाची होती, घरात तुम्ही बोलत नव्हता. मी त्यांना सांगितलं, पुन्हा हे नाव काढायचं नाही. त्यांनी नाही काढलं.

"मग मला का नाही सांगितलंस?" सरांनी विचारलं.

"तुम्ही कधी विचारलंत?"

यावर दुसरा माणूस असता तर लेख फाडता. सरांनी फाडला नाही. फक्त रुपचंदभाऊंवरची तीन पानं काढून टाकली, कारण आता ती खोटी होती आणि खोटं छापून आणण्याइतके सर पडलेले नव्हते. पण तीन पानं काढल्यावर उरलं काय? एक पान, आणि त्यात एकच आरोपी. सरांनी 'सहभागी' खोडलं. त्या जागी लिहिलं, 'लेख माझा नव्हता. सुलक्षणा देवरे यांचा होता. नाव मी माझं घातलं.'  आणि त्याच वेळी, आता काय सांगावं, मनाच्या एका कोपऱ्यात हिशेब चालूच होता, की हे छापून आलं तर मयुरी बडगुजर दुसऱ्या पानावर जाईल. सुलक्षणाबाईंनी वाचलं, एका जागी शब्द सुधारला, आणि म्हणाल्या, पाठवा.

घाव मोजणाऱ्यानं मोजला. विशेषांकाचं पहिलं पान चुडामण देवऱ्यांचं झालं. रुपचंदभाऊंचा फोन आला, दोनच वाक्यं बोलले, कार्यक्रमाला या, वहिनींना घेऊन या.

सरांनी नवा सदरा शिवला. मनात पूर्ण चित्र उभं होतं. लोक येतील, म्हणतील, देवरे सर, असं लिहायला छातीची माणसं लागतात. आपण मान खाली घालून म्हणू, नाही हो, उशीरच झाला. पत्रकार विचारतील. मयुरी बडगुजर कुठेतरी मागे उभी असेल. कबुलीचाही असा मिरवायचा बेत करणारा माणूस खानदेशात दुसरा नसेल.

धुळ्याचं सभागृह भरलं होतं. दारातच लोकांनी गाठलं. पहिला गृहस्थ लांबूनच हात जोडत आला, सरांनी हात पुढे केला, आणि गृहस्थ बाजूनं सुलक्षणाबाईंपुढे जाऊन वाकला. त्यामागून दुसरा. मग बायकांचा घोळका. जिनिंगमध्ये काम केलेली एक म्हातारी, सुगंधाबाई, नातीला धरून आली होती. तिनं सुलक्षणाबाईंच्या गालांवरून हात फिरवला आणि बोटं मोडली. सरांना कोणी टोमणा मारला नाही, कोणी तोंड वळवलं नाही. लोक त्यांना 'या सर' म्हणत आणि मागे बघत, बाई कुठे आहेत म्हणून. मयुरी आली, सुलक्षणाबाईंचा हात धरून त्यांना पुढच्या रांगेत घेऊन गेली. सर तिसऱ्या रांगेत बसले, कारण पुढे एकच खुर्ची ठेवलेली होती.

आणि तिथे बसल्या बसल्या सरांना हेवा वाटला. पोरीचा नाही, रुपचंदचाही नाही. स्वतःच्या बायकोचा. तो इतका जुना निघाला की सरांना त्याची ओळख पटायला वेळ लागला नाही. तीन वह्या पहिल्यांदा वाचल्या होत्या, त्या दिवशी तो असाच आला होता, आणि त्यावर आपण काय केलं तेही त्यांना आठवलं.

रुपचंदभाऊंनी सुलक्षणाबाईंना बोलायला बोलावलं. त्या कधी माइकसमोर उभ्या राहिल्या नव्हत्या. सर सावरून बसले. आता आपलं नाव येणार होतं. ती काय बोलेल? रागानं बोलली तर आपण मान खाली घालायची. माफ केलं म्हणाली तर डोळे पुसायचे. दोन्हींची तयारी होती. टीकेची किंमत सरांइतकी त्या सभागृहात कोणाला ठाऊक होती? चौतीस वर्षं ते ज्याला झोडपत होते ते मासिक त्या झोडपण्यानंच मोठं झालं होतं. ज्याच्यावर कोणी बोलतं, तो असतो, एवढं त्यांना पक्कं कळत होतं.

सुलक्षणाबाई अहिराणीत बोलल्या. वीस मिनिटं. जिनिंगच्या बायांवर बोलल्या. एकेकीचं नाव घेतलं, ती कुठली होती, काय गायची, कोणाला खोकला लागला, कोण त्यातच गेली. लेखात ही नावं नव्हती, ती त्यांना अजून पाठ होती. सुगंधाबाई ऐकताना मोठ्यानं हुंकार भरत होती. सभागृहात कोणी खोकलंही नाही. आणि मग त्या, झालं माझं, म्हणून खाली येऊन बसल्या. सरांवर एक शब्द नाही. नाव नाही, राग नाही, माफी नाही. लेख कोणाच्या नावानं छापला, कसा छापला, काहीच नाही.

टाळ्या थांबेनात. सरही टाळ्या वाजवत होते.

परतीच्या गाडीत सुलक्षणाबाईंच्या मांडीवर शाल आणि नारळ होता.  मुकटीचा फाटा गेल्यावर सरांच्यानं राहवलं नाही.

"माझ्यावर चार शब्द तरी बोलायचे होतेस," ते म्हणाले. "वाईट का होईना."

सुलक्षणाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. बघण्यात राग नव्हता, त्या खरंच आठवून बघत होत्या.

"तुम्ही लक्षातच नाही आलात हो," त्या म्हणाल्या.